चमक किती दिवसांची?

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कशासाठी येतात याचा कोणी हिशेब ठेवला, तर लग्नपत्रिकांचा नंबर पहिला लागेल, मानपत्रांचा दुसरा आणि दुकानांच्या पाट्यांचा तिसरा. ज्ञानेश्वरीतली ओवी समजत नाही म्हणून माझे दार ठोठावणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. असो. दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात माझा भाचा आला तोही पाटीसाठीच.

आमची आक्का आंदर मावळात दिलेली. आंद्रा नदीचे हे खोरे तळेगावच्या आमच्या घरापासून फार लांब नाही. जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने कान्हे फाट्यावर वळायचे, रेल्वे आणि इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक, आणि तेथून पुढे वडेश्वरच्या अंगाने ठोकरवाडीच्या जलाशयाकडे रस्ता जातो. टाटांनी १९२२ साली या पाण्यापासून खाली कोकणात भिवपुरीला वीज काढायला सुरुवात केली. धरणाने खोऱ्यातल्या चांगल्या जमिनी गेल्या, आणि राहिली ती इंद्रायणी तांदळाची खाचरे. आता तीही शेतघरांच्या कुंपणात जाऊ लागली आहेत. भाच्याच्या वाट्याला भाताचे जे काही येईल त्यावर संसार उभा राहणार नाही, हे त्याला विसाव्या वर्षीच कळले होते. त्याने दोन वर्षे पिंपरी-चिंचवडकडच्या एका दुकानात गाड्या चमकवण्याचे काम शिकून घेतले आणि टाकव्याच्या रस्त्याला स्वतःचे वॉशिंग सेंटर टाकले. पंप, कॉम्प्रेसर आणि पत्र्याची शेड यांसाठी आक्काने बचत गटातून कर्ज काढले होते. ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती. हिला सांगितली होती.

"मामा, पाटी लिहून द्या. चांगल्या मराठीत," भाचा म्हणाला. त्याने खिशातून कागद काढला. त्यावर मजकूर होता : 'सिरॅमिक कोटिंग. पाच वर्षांची हमी. गाडी कायम नव्यासारखी.'

ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. पण 'हमी' या शब्दाशी माझे पेन अडखळले, आणि त्याला कारण आमच्या दाराशी उभे होते. आमची गडद निळी गाडी घेतली त्या वेळी 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून वेगळे पैसे मोजून मी एक कार्ड मिळवले होते. त्यावर तीन वर्षांचा शब्द दिलेला होता. दुसऱ्या पावसाळ्यात गाडीवरचे पाणी मोत्यासारखे घरंगळण्याचे सोडून डबक्यासारखे पसरू लागले. कार्ड घेऊन गेलो तेव्हा मागची बाजू वाचायला सांगण्यात आली. पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग, ओरखडे, झाडांचा चीक यांना हमी लागू नाही. दर सहा महिन्यांनी पैसे भरून देखभाल करून घेतली नसेल तर तीही लागू नाही. मग हमी होती कशाची, असे मी विचारले. "चमकेची," असे उत्तर आले. मराठीच्या माणसाला इतक्या थोड्या शब्दांत कोणी गप्प केल्याचे मला आठवत नाही.

पुढे थोडे वाचल्यावर कळले की त्या नावातच गोम होती. टेफ्लॉन हा पदार्थ वितळतो सुमारे ३२७ अंशांना. स्वयंपाकाच्या तव्यावर तो बसवताना भट्टीतल्या कडक उष्णतेतून न्यावा लागतो, तेव्हा कोठे तो धातूला धरतो. गाडीला असे भाजले तर रंग, रबर आणि काचा यांतले काय शिल्लक राहील? तेव्हा फडक्याने पुसून लावलेल्या मलमात टेफ्लॉनची पूड असली, तरी ती तव्यावरच्या थरासारखी चिकटणार नाही. टिकते ते बरोबरचे मेण किंवा पॉलिमर, आणि तेही आपापल्या आयुष्याइतकेच.

हे सगळे भाच्याला सांगून मी म्हटले, "पाच वर्षे टिकते हे तू पाहिले आहेस का?"

"बाटलीवर लिवलंय, मामा."

"बाटलीवर कोणी लिहिले?"

तो हसला. शेवटी ठरले असे की आमच्याच गाडीवर प्रयोग करायचा. गाडीचे आता तसेही नव्याने बिघडण्यासारखे काही नव्हते. भाऊबीजेला आक्काकडे जायचे होतेच. तिचे ओवाळून झाले आणि भाच्याने गाडी शेडमध्ये घेतली.

आता या गाडीच्या कातडीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग रंग, आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. या सगळ्यांची जाडी मिळून एका मिलिमीटरचा साधारण दहावा भाग भरते. त्यातला वरचा पारदर्शक थर तर डोक्यावरच्या केसापेक्षाही बहुधा पातळ, ३५ ते ५० मायक्रॉनांचा. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती या एवढ्याशा थरात असते. जुन्या गाड्यांना हा थर नसे. त्यांना पॉलिश करताना फडक्याला रंग लागायचा, कारण रंग स्वतःच उन्हाने भुरभुरीत होऊन वर येत असे. तेव्हा मेण लावणे ही गरज होती. आताच्या पारदर्शक थरात ऊन शोषणारी द्रव्ये मुळातच घातलेली असतात. म्हणजे मेणाचे काम हलके झाले आहे. जाहिराती मात्र जड झाल्या.

भाच्याने बॉनेट आधी स्वच्छ धुतले. मग एक औषध फवारले तेव्हा गडद निळ्या रंगावरून जांभळे ओघळ वाहू लागले आणि हिने तोंडाला पदर लावला. ते रक्त नव्हते. मी गाडी दिवसभर स्टेशनाजवळ लावून लोकलने कॉलेजला जातो. आगगाडीच्या ब्रेकांतून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसतात आणि पुढे नारिंगी ठिपके होऊन गंजतात. त्या लोखंडाशी औषधाचा संयोग झाला की जांभळा रंग येतो. माझ्या नोकरीची इतकी वर्षे त्या बॉनेटवर रुतून बसली होती, हे मला प्रथमच दिसले.

मग चिकटपट्टीने चार पट्टे आखले. पहिल्यावर कार्नोबा मेण, दुसऱ्यावर सीलंट, तिसऱ्यावर सिरॅमिक कोटिंग, चौथा कोरा. कोटिंगची बाटली एकदा उघडली की हवेतल्या ओलाव्याने उरलेले औषध घट्ट होऊन जाते. म्हणून उरले ते त्याने डाव्या बाजूच्या दोन्ही दारांना लावले. ही काटकसर पुढे उपयोगी पडली.

कार्नोबा हे नाव ऐकून मला ते रसायन वाटले होते. ते निघाले झाडाचे. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडाच्या जातीचे झाड होते. उन्हाळ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते आपल्या पानांवर मेणाचा लेप चढवते. पाने वाळवून, झोडपून हे मेण काढतात. आपल्या मोहोळाचे मेण ६२-६४ अंशांना वितळते, तर हे ८२ ते ८६ अंशांना, म्हणूनच त्याला मोटारीवर मान. गोळ्या-चॉकलेटांची आणि औषधाच्या गोळ्यांची चकाकीही पुष्कळदा त्याचीच असते. आता गंमत पाहा. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या गाडीचे टप सत्तर अंशांपर्यंत तापू शकते, आणि डब्यातल्या मलमात शुद्ध कार्नोबा थोडाच असतो. बाकी असतात मऊ मेणे, तेले आणि द्रावके. म्हणजे ब्राझीलच्या झाडाने स्वतःच्या पानासाठी केलेली सोय आपण पत्र्यावर पसरतो, आणि वर साबणाने घासतो.

व्हायचे तेच झाले. मेणाच्या पट्ट्यावर दिवाळीत पाणी असे घरंगळे की शेजारच्या मुलांना तो खेळच झाला. सर्वांत खोल, ओली चमकही त्याचीच होती, हे मान्य केले पाहिजे. संक्रांतीला तेथे पाण्याचे मोती चपटे झाले होते आणि होळीपूर्वी मेणाचा पट्टा व कोरा पट्टा यांत फरक ओळखू येईना. दोन-तीन महिने, आणि तेही थंडीतले. भर पावसाळ्यात लावले असते तर चार-सहा आठवडे धरायला हरकत नाही. सीलंट हे माणसाने बनवलेले पॉलिमर. त्याची चमक मेणाइतकी मायाळू नसते, पण पकड अधिक. आमच्या गाडीवर ते वळवाच्या पावसापर्यंत चांगले होते आणि श्रावणात संपले. इतर ठिकाणी चार-सहा महिने, चांगले असले आणि गाडी सावलीत राहिली तर वर्षाच्या जवळपास, असा अनुभव जाणकार सांगतात. त्यात आमचे फार वेगळे काही नव्हते.

खरा घोटाळा कोटिंगने केला.

वैशाखात एके दिवशी मी गाडी धुतली आणि पाहतो तो तिसऱ्या पट्ट्यावरही पाणी पसरलेले! अवघ्या सहा महिन्यांत? मी भाच्याला फोन केला. आवाजात माझा, सांगू नये पण सांगतो, थोडासा विजयाचा सूर होता. तो संध्याकाळी आला. चेहरा उतरलेला. त्याच आठवड्यात वडेश्वरकडच्या एका शेतघराच्या मालकाने आपली मोठी गाडी कोटिंगसाठी आणतो म्हणून सांगितले होते, आणि त्या पैशांत बचत गटाचे दोन हप्ते सुटणार होते. हे औषध सहा महिन्यांत मरत असेल तर त्या माणसाला काय तोंड दाखवायचे?

तो बराच वेळ बॉनेटवर बोट फिरवत उभा राहिला. मग त्याने विचारले, "मामा, पाणी कुठलं वापरता?"

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते. आमच्या बादल्यांच्या कडा पाहिल्या तर ते किती जड आहे हे कोणीही सांगेल. गाडी उन्हात धुवून तशीच वाळू दिली की पाणी उडून जाते आणि क्षार तेवढे मागे राहतात. कोटिंग खाली जिवंत होते. वर क्षारांची पापडी चढली होती आणि पाणी बिचारे त्या पापडीवर पसरत होते. हिने ऐकले मात्र, म्हणाली, "मग तांब्याच्या घागरीला लावतो तशी चिंच लावा की." ती थट्टा करत होती, पण उपाय त्याच जातीचा निघाला. भाच्याने सौम्य आम्लाचे औषध लावले, जरा वेळाने धुतले, आणि पाणी पुन्हा टपटप मोती होऊन घरंगळले. कोऱ्या पट्ट्यावरही तेच औषध लावले होते. तेथे काही मोती झाले नाहीत. तेव्हा ही करामत औषधाची नव्हती, खालच्या थराची होती.

मोती दिसत नाहीत म्हणून थर गेला असे नव्हे, आणि मोती दिसतात म्हणून तो आहे असेही नव्हे, कारण हल्ली पुष्कळ शांपूंत थोडे मेण घातलेले असते. आठवडाभर मोती दिसतात ते त्याचे. घरी परीक्षा करायची तर साध्या, मेण नसलेल्या शांपूने दोनदा धुवावे, क्षार काढावेत आणि मग पाहावे. त्याआधी कोणी 'गेले, पुन्हा मारावे लागेल' म्हणाला तर खिशावर हात ठेवावा. पुन्हा मारण्यापूर्वी तो मशीनने पॉलिश करणार, आणि प्रत्येक पॉलिशबरोबर त्या पस्तीस-पन्नास मायक्रॉनांतले थोडे झिजून जाणार. कोटिंग नवे मिळते. पारदर्शक थर परत मिळत नाही.

बाटलीवरच्या 'नऊ एच' या अक्षरांचाही उलगडा येथेच करून टाकतो. त्यामुळे कोटिंग हिऱ्याच्या खालोखाल कठीण असावे अशी माझी समजूत झाली होती. तो एच आपल्या शाळेतल्या पेन्सिलीचा. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिलींनी थरावर रेघ ओढून पाहतात, आणि सर्वांत कठीण नऊ एचच्या पेन्सिलीने ओरखडा उठला नाही की ते अक्षर मिळते. पेन्सिलीत ग्राफाइट आणि माती. रस्त्याच्या धुळीत गारगोटीची कणी असते, तिच्यापुढे पेन्सिलीची काय प्रतिष्ठा! कोटिंगचा थर स्वतः एखाद-दुसऱ्या मायक्रॉनाचा. धुळीच्या गाडीवर कोरडे फडके मारले तर तो थरही ओरबाडला जातो आणि त्याच्याखालचेही.

पहिला पावसाळा आला. लोणावळ्याच्या अंगाला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुण्यात सातशेच्या आसपास, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आषाढात आक्काकडे जाणे वेगळे. मला वाटत होते, एवढ्या पावसात कसली मेणे आणि कसली कोटिंगे! पण पावसाच्या पाण्याने थर फारसा जात नाही. तो जातो खाचरांच्या रस्त्यावरच्या चिखलाने, त्या चिखलावर फिरवलेल्या फडक्याने आणि तो निघत नाही म्हणून बादलीत टाकलेल्या कपड्यांच्या पावडरीने. भाचा सांगे, आधी नुसत्या पाण्याच्या माऱ्याने चिखल सोडवा, हात नंतर लावा. मी त्याचे ऐकू लागलो तेव्हा वर्गात तीस वर्षांनी पुढच्या बाकावर बसल्यासारखे वाटले.

या सगळ्या खटाटोपाला आक्काने एका वाक्यात निकालात काढले. तिच्या घरात आता फरशी आहे, पण मागची पडवी ती अजून सारवते. शेणाचा हात फिरवता फिरवता तिने विचारले, "काय चाललंय रं तुमचं?" मी म्हटले, लेप किती दिवस टिकतो ते पाहतोय. ती म्हणाली, "आरं, सारवान किती दिस टिकतं त्ये शेनाला इचारून कसं कळल? घरात प्वारं किती त्ये इचार."

आमच्या लहानपणी कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा धूर आणि फडक्याचा एक फटकारा की पातेले चांदीचे. कथील घासून निघाले की आमटी कळकायची, आई पातेले बाजूला काढायची, आणि पुढल्या खेपेला कल्हईवाला पुन्हा यायचा. त्याच्याकडे कोणी पाच वर्षांचे कार्ड मागितले नाही, आणि त्यानेही दिले नाही. ज्या घरात रोज चिंचेची आमटी, त्या घरची कल्हई आधी जाते, हे दोघांनाही ठाऊक होते.

दुसरा पावसाळा यंदाचा. श्रावणात बॉनेटवरचा कोटिंगचा पट्टा थकला. क्षार काढले, दोनदा धुतले, तरी मोती आळसावलेलेच. पण डाव्या दारांवर तेच औषध अजून ठणठणीत होते. कारण उघड आहे. बॉनेट आडवे, वरून ऊन, खालून इंजिनची धग, पक्ष्यांना बसायला सोयीचे आणि पाणी साचायलाही. दार उभे, त्यावर काही थांबत नाही. म्हणजे एकाच गाडीवर, एकाच दिवशी लावलेल्या एकाच औषधाची वये दोन निघाली. आमच्यासारख्या उघड्यावर राहणाऱ्या गाडीला चांगले कोटिंग दोन वर्षे, बंद गॅरेजात राहणाऱ्या आणि मायेने धुतल्या जाणाऱ्या गाडीला तीन, क्वचित त्याहून अधिक, असे मी आता म्हणेन. पाच-सात-नऊ वर्षांची भाषा छापणाऱ्यांना शाई स्वस्त पडत असावी.

मग ते घ्यावे की नाही? आमच्या सोसायटीतले लोक आता मलाच विचारतात, कारण प्राध्यापकाला काहीतरी समजते असा एक गैरसमज त्यांच्यात नव्याने पसरला आहे. ज्याला रविवारी सकाळी तासभर गाडीशी रमायला आवडते, त्याने मेणाचा डबा घ्यावा. ज्याला वर्षातून दोनदाच हात लावायचा आहे, त्याने दसऱ्याला आणि मृगाआधी सीलंट लावावे. आमच्या कुटुंबाला माझ्या मते तेच परवडते. कोटिंग घ्यायचे तर ते धुणे सोपे व्हावे म्हणून घ्यावे. त्याने चिखल चटकन सुटतो आणि जांभळे खाऊन आलेल्या पाखराचा प्रसाद रंगाला खाईपर्यंत आपल्याला थोडा अधिक वेळ मिळतो. ओरखडे आणि खडे यांपासून ते वाचवत नाही. खड्यांसाठी पारदर्शक फिल्म मिळते. ती दीड-दोनशे मायक्रॉनांची जाड असते आणि तिची किंमत ऐकून मी विषय बदलला. कोटिंग भर पावसाळ्यात करून घेऊ नये. औषध हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे दमट हवेत ते पुसायच्या आत आवळते आणि ढगाळ डाग राहतात. शिवाय पहिला दिवसभर त्याला पाणी लागता कामा नये आणि पुरते पक्व व्हायला आठवडा जातो. आंदर मावळात आषाढात आठवडाभर कोरडी गाडी कोण ठेवणार?

वडेश्वरकडच्या त्या मालकांचे राहिलेच. पहिल्या वैशाखात ते गाडी घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारले, गॅरंटी किती वर्षांची? भाचा म्हणाला, "दोन पावसाळं धरा, सायेब. तिसरा निघाला तर तुमचं नशीब." त्यांनी गाडी वळवली आणि ते हमरस्त्यावरच्या सात वर्षांच्या पाटीकडे गेले. त्या महिन्याचा हप्ता आक्काने तांदूळ विकून भरला. यातले मला पुष्कळ उशिरा समजले, आणि समजल्यावर दोन रात्री नीट झोप आली नाही. कागदावर एक शब्द मी अडवला होता, आणि त्याची किंमत तिने मोजली होती. भाच्याला तसे म्हटले तर तो म्हणाला, "तसं न्हाय मामा. सात वर्सं म्या सांगितली असती तर तो मानूस तिसऱ्या वर्षी माझ्याच दारात आला असता. माझं घर हितंच हाय."

ते मालक परत आलेले नाहीत. दुसरे काही आले. भाच्याने एक वही घातली आहे. तीत गाडीचा नंबर, काय लावले ती तारीख, गाडी कोठे उभी असते, पाणी कसले, आणि सहा महिन्यांनी पाहिल्यावर काय आढळले ते लिहितो. हप्ते अजून चालू आहेत.

पाटीचा मजकूर मी या पितृपक्षात लिहून दिला. पितृपक्षात शुभकार्य नको म्हणून आक्काने ती नवरात्रात रंगवायला दिली. मजकूर असा : 'गाडी धुऊन, मेण, सीलंट व कोटिंग करून मिळेल. किती दिवस टिकेल ते गाडी पाहून सांगू.' यात साहित्य काही नाही, हे मला कबूल आहे.

टाकव्याच्या पेंटरने पत्र्यावर ती सुरेख उतरवली. पिवळ्यावर लाल अक्षरे, कडेला निळी वेलबुट्टी त्याने स्वतःच्या मनाने काढली. मग ब्रश पुसत त्याने विचारले, "वरनं व्हार्निश मारू का?"

भाच्याने विचारले, "किती दिस टिकंल?"

पेंटरने आधी शेडचा उतार पाहिला, मग पाऊस कोणत्या अंगाने येतो ते पाहिले, आणि म्हणाला, "हितं व्हय? दोन पावसाळं."

"मारा," भाचा म्हणाला.